एकसष्टावं मूल

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी परळच्या एका मराठी शाळेत पर्यवेक्षिका बाई शिक्षकखोलीतल्या फळ्यावर एक कागद टाचतात. शाळेतली बहुतेक मुलं तेव्हा प्रार्थनेला उभी असतात. कागदावर हाताने ओढलेल्या रेघा, डावीकडे इयत्ता, वर तासिकांचे आकडे, आणि चौकटींत शिक्षकांच्या नावांची आद्याक्षरं. आज कोण रजेवर आहे, कोण मतदारयाद्यांच्या कामाला गेलं आहे, आणि त्यांच्या वर्गावर ऑफ तासाला कोण जाणार, याचा तो हिशोब. मी गेलो त्या दिवशी तिसऱ्या ओळीत 'आठवी ब, गणित' असं होतं आणि समोर मराठीच्या बाईंची आद्याक्षरं होती. गणिताचे सर रजेवर आहेत का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "सर रजेवर नाहीत. सरच नाहीत. ही ओळ मी गेल्या जूनपासून लिहितेय."

याच शाळेत मी शिकलो. वडील गिरणीत, आम्ही लालबागच्या चाळीत, आणि शाळा चालत दहा मिनिटांवर. ऐंशीच्या दशकात आमच्या इयत्तेच्या सहा तुकड्या होत्या आणि गणिताला चार शिक्षक. आता आठवीला दोन तुकड्या आहेत आणि त्या दोन्हींना मिळून गणिताचा एकही नाही. मराठीच्या बाई वर्गावर जातात, मुलांना पाढे लिहायला देतात आणि आपल्या वह्या तपासतात. यात त्यांचा काही दोष नाही. बीजगणित शिकवायला त्यांना कुणी नेमलेलं नाही.

महाराष्ट्रात डी.एड., बी.एड. झालेली लाखो मुलं नोकरीची वाट बघत बसलेली आहेत. मुंबईच्याच अनुदानित शाळांत दर वर्षी 'अतिरिक्त' ठरलेल्या शिक्षकांची यादी निघते, म्हणजे कागदोपत्री इथे शिक्षक जास्त आहेत. आणि तरी आठवी बच्या गणिताची जागा रिकामी. माणसं आहेत, मुलं आहेत, शाळेची इमारतही आहे, पण या तिन्हींना जोडणारी वाट इतकी लांब आणि निसरडी झाली आहे की माणूस वर्गापर्यंत पोचत नाही, आणि पोचला तर टिकत नाही.

अडचण कशी तयार झाली हे कळायला आधी या भागातून माणसं कशी गेली ते बघावं लागतं. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. संप कधी संपला हे कुणालाच नीट सांगता येत नाही, कारण तो मिटलाच नाही. पुढे गिरण्यांच्या जमिनी विकायला 1991 च्या विकास नियमावलीने वाट करून दिली. चाळींतल्या खोल्या विकून माणसं डोंबिवली, बदलापूर, विरार, नालासोपाऱ्याला गेली. जनगणनेचे आकडे बघा. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेटाची, लोकसंख्या 2001 मध्ये 33,38,031 होती. 2011 मध्ये ती 30,85,411 झाली. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी. देशातलं हे सगळ्यात महागडं शहर वाढत होतं ते उत्तरेला, आणि गिरगाव, परळ, लालबाग इथली मराठी मुलं त्या वाढीबरोबर लोकलने निघून गेली.

जी राहिली त्यांच्या आईवडिलांनी इंग्रजी माध्यम निवडलं. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, कारण पोराला गिरणीत जावं लागू नये या एकाच आशेवर ती घरं उभी होती. महानगरपालिकेच्या मराठी शाळांची संख्या 2012-13 मध्ये 385 होती. 2021-22 मध्ये ती 272 वर आली. खासगी अनुदानित शाळांमध्येही तीच उतरण. सहा तुकड्यांच्या चार झाल्या, चाराच्या दोन.

आता मुलं कमी झाली म्हणजे शिक्षकही कमी लागणार, हे सरळच आहे. पण मुलं आणि शिक्षक एकाच चालीने कमी होत नाहीत, आणि सगळी अडचण तिथे सुरू होते.

शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवण्याच्या प्रक्रियेला 'संचमान्यता' म्हणतात. 30 सप्टेंबरला शाळेच्या पटावर किती मुलं आहेत, त्यांतल्या किती जणांचं आधार जुळतं, ते मोजलं जातं आणि त्यावरून पदं मंजूर होतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिक वर्गांसाठी हिशोब दिलेला आहे: साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार. गणित म्हणून यात चुकीचं काही नाही. तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण उत्तमच आहे. पण हे गणित दादरच्या एखाद्या मराठी शाळेत आणून ठेवा. पहिली ते चौथी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, एकूण बासष्ट मुलं. तीन शिक्षक मिळाले, म्हणजे चार वर्गांना तीन. एका बाईंनी पहिली-दुसरी एकत्र बसवली. ऑगस्टमध्ये एका इमारतीचा पुनर्विकास सुरू झाला, तीन कुटुंबं भाड्याच्या घरात ठाण्याला गेली आणि तीन दाखले निघाले. पट 59. तिसरं पद गेलं. चार इयत्ता आणि दोन शिक्षक. बहुवर्ग अध्यापन हा शब्द आपण एके काळी डोंगरातल्या वस्तीशाळेसाठी वापरायचो. आज तो शिवाजी पार्कपासून हाकेच्या अंतरावर लागू पडतो.

आणि ज्या आईने आपल्या मुलीच्या वर्गात दोन इयत्ता एका फळ्यासमोर बसलेल्या पाहिल्या, ती पुढच्या जूनमध्ये दाखला काढते. म्हणजे पट कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून पट कमी. गेलेलं पद परत मिळवणं तर टिकवण्याहून कितीतरी अवघड. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, आणि वीसच्या खाली पट गेलेल्या वर्गांवर सगळ्यात मोठा घाव बसणार म्हणून राज्यभर शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. वाडी-वस्तीवरच्या शाळांची चर्चा त्या वेळी खूप झाली, ती व्हायलाच हवी होती. पण गिरगावातली शाळाही त्याच चाळणीतून खाली पडते, हे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

पद गेलं की त्या पदावरचा माणूस 'अतिरिक्त' होतो. हा शब्द मला सहन होत नाही. वीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईंना एका यादीतून कळतं की त्या अतिरिक्त आहेत. मग समायोजन होतं, म्हणजे जिथे पद रिकामं आहे अशा दुसऱ्या शाळेत पाठवणी. भूगोलाच्या बाई गणिताच्या जागी जाऊ शकत नाहीत, म्हणून गणिताची जागा रिकामी राहते आणि बाई अतिरिक्तच राहतात. मुंबईत एकाच वेळी शिक्षक जास्तही असतात आणि कमीही, ते असे. शिवाय ज्या शाळेत त्यांना पाठवलं तिला त्या हव्याच असतात असं नाही. संस्था म्हणते आमच्याकडे आरक्षणाचं रोस्टर जुळत नाही, माध्यम जुळत नाही, विषय जुळत नाही. बाई मधल्या मध्ये.

यावर उपाय म्हणून सरकारने जे केलं त्याने दुखणं आणखी खोल गेलं. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी विशेष पटपडताळणी झाली. पटावर नावं असलेली पण वर्गात कधीच नसलेली मुलं लाखांच्या संख्येने सापडली. ही चोरी पकडली गेली ते चांगलंच झालं. पण नंतर 2 मे 2012 च्या शासन निर्णयाने आधी अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन, मग नवी भरती, असं ठरलं आणि नव्या नेमणुका जवळजवळ थांबल्या. काही विषयांना अपवाद होते, ते बहुतेक कागदावरच राहिले. पवित्र या शिक्षकभरतीच्या सरकारी पोर्टलवरची पहिली मोठी भरती 2019 मध्ये आली. मधली सात वर्षं अनुदानित शाळांच्या शिक्षकखोलीत फारसा नवा चेहरा आला नाही, आणि खासगी शाळेतले शिक्षक 58 व्या वर्षी निवृत्त होतात, त्यामुळे जाणारे मात्र जात राहिले.

त्या सात वर्षांची खूण मला त्या परळच्या शिक्षकखोलीत दिसली. लांब टेबलाच्या एका टोकाला पंचावन्नच्या पुढची चार माणसं बसली होती, दुसऱ्या टोकाला तिशीच्या आतली दोन. मध्ये कुणीच नाही. शाळा चालते ती खरं तर मधल्या वयाच्या शिक्षकांवर. दहावीचा निकाल, स्नेहसंमेलन, शिष्यवृत्तीचे वर्ग, क्रीडामहोत्सव हे सगळं चाळिशीतली माणसं ओढतात, आणि नव्यांना वर्ग कसा सांभाळायचा ते तीच शिकवतात. नवीन आलेल्या मुलीने आठवीच्या मुलांसमोर पहिल्या दिवशी रडू आवरत तास संपवला, तर तिला चहा पाजून 'उद्या असं कर' म्हणून सांगणारं माणूस त्या खोलीत असावं लागतं.

भरती सुरू झाली म्हणजे माणूस मिळतो, असंही नाही. संस्थेला एक रिकामं पद भरायचं असेल तर आधी संचमान्यतेत ते पद दिसावं लागतं. मग बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाचं रोस्टर, मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची. मग त्या विषयाचा कुणी अतिरिक्त शिक्षक नाही याची खात्री. मग पोर्टलवर मागणी, जाहिरात, उमेदवारांचे पसंतीक्रम, यादी, कागदपत्रं, नियुक्तीचा आदेश. ही यादी अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर लागते, आणि ती चाचणी आजवर 2017, 2023 आणि 2025 अशी तीनदाच झाली. 2024 मध्ये एका दमात 21,678 पदांची जाहिरात आली, तेव्हा उमेदवारांनी 2023 च्या गुणांवर पसंतीक्रम भरले. चांगला गणिताचा पदवीधर चार-पाच वर्षं हातात प्रमाणपत्र घेऊन थांबत नाही. तो बँकेत जातो, खासगी क्लासमध्ये जातो, तलाठ्याच्या परीक्षेला बसतो.

वशिला आणि देणगी घेऊन नेमणुका करण्याची खोड मोडायला पोर्टल आलं, आणि ते यायलाच हवं होतं. ज्या संस्थांनी शिक्षकाची जागा लाखांना विकली त्यांच्याबद्दल मला कणव नाही. पण दादर-गिरगावात अशाही संस्था होत्या, ज्या ओळखीच्या, जीव लावणाऱ्या माणसाला शोधून आणायच्या आणि घडवायच्या. पोर्टलने चोराचाही हात धरला आणि पारख्याचाही.

निवड झाली, आदेश मिळाला, माणूस हजर झाला, मस्टरवर सही केली. पगार सुरू झाला का? नाही. आता शिक्षण खात्याकडून त्याची 'वैयक्तिक मान्यता' यायला हवी. ती आली की शालार्थ क्रमांक मिळायला हवा, कारण वेतन शालार्थ प्रणालीतूनच निघतं. मुंबईत याची रचनाच अशी की एकाच संस्थेचा प्राथमिक विभाग महापालिकेच्या शिक्षण खात्याकडे आणि माध्यमिक विभाग राज्याच्या शिक्षण निरीक्षकांकडे. इमारत एक, जिना एक, पण फाइल दोन दिशांना जाते. 2025 मध्ये नागपूर विभागातलं बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीला आलं, आणि त्यानंतर खऱ्या माणसाचीही फाइल दहा वेळा उलटी-सुलटी केली जाते. माझ्या ओळखीच्या एका तरुण शिक्षकाने पहिले अकरा महिने पगाराशिवाय शिकवलं. अकरा महिन्यांनी एकदम रक्कम हातात आली, त्यातून त्याने आधी मित्रांची उधारी फेडली.

आणि पगार म्हणजे किती? शिक्षणसेवक योजना 2000 साली आली. पहिली तीन वर्षं पूर्ण वेतन नाही, ठरावीक मानधन. प्राथमिकला सुरुवातीला महिना 3,000 रुपये होते, पुढे 6,000 झाले आणि बरीच वर्षं तिथेच राहिले. जानेवारी 2023 पासून प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000. कायम झालेल्या माध्यमिक शिक्षकाचं मूळ वेतनच 38,600 पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता. म्हणजे तेच काम, तीच तुकडी, त्याच वह्या, आणि तीन वर्षं अर्ध्याहून कमी पैसे. घरभाडे भत्ता हा मूळ पगारावर मोजला जातो आणि मानधनाला तो नाहीच. जालन्यात शिक्षणसेवकाचे 16,000 आणि लालबागमध्ये शिक्षणसेवकाचे 16,000 हे एकच आकडे असले तरी एक रक्कम नाही. परळ-लालबागमध्ये आता एका खोलीचं भाडं मानधनाच्या वर जातं.

मग शिक्षणसेवक राहतो कुठे? मी त्या तिशीच्या आतल्या दोघांना विचारलं. सर बदलापूरला चौघांत एक खोली घेऊन, बाई नालासोपाऱ्याला मावशीकडे. सात वाजता वर्गावर उभं राहायला सर पहाटे साडेचारला उठतात आणि दादरला उतरून पुढची गाडी धरतात. गाडी उशिरा आली की मस्टरवर लाल रेघ. दुपारी परत जाताना बसायला मिळालं तर वह्या मांडीवर तपासतात, अशी एक वही त्यांनी मला दाखवली. गाडीच्या धक्क्यांनी लाल शेरे वाकडे गेलेले, आणि एका पानावर सरांनीच खाली लिहिलेलं, 'अक्षर माझं वाईट आहे, तुझं चांगलं आहे.'

माझ्या लहानपणी आमचे सर गणेशगल्लीत राहायचे. संध्याकाळी खाली कट्ट्यावर दिसले की आम्ही खेळ थांबवून घरी पळायचो. शिक्षक त्याच वस्तीत राहणं ही या भागातल्या शाळांची फार मोठी ताकद होती, आणि पगारपत्रकात तिची नोंद कधीच झाली नाही. दादासाहेब रेगे यांनी 3 जून 1940 रोजी शिवाजी पार्कला बालमोहन विद्यामंदिर सुरू केलं तेव्हा मुलं आठ होती. आजच्या निकषांत आठ मुलांच्या शाळेचं काय झालं असतं? इथल्या शाळा चालवणारी इंडियन एज्युकेशन सोसायटी 1917 ची. परळला ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने, स्थापना 1911, कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या, दिवसभर साच्यावर उभं राहिलेली माणसं तिथे अक्षर गिरवायला बसत. खानावळीत भांडी घासणारी पोरं पुढे याच भागातल्या रात्रशाळांतून दहावी झाली. त्या रात्रशाळांत दिवसा दुसऱ्या शाळेत शिकवणारे शिक्षक संध्याकाळी यायचे. मे 2017 मध्ये एका निर्णयाने या दुहेरी नोकरीवाल्यांची रात्रशाळेतली सेवा थांबवली गेली. एका माणसाला दोन पगार नकोत, हा विचार समजण्यासारखा आहे. पण त्यांची जागा घ्यायला माणसं तयार नव्हती, आणि अनेक रात्रशाळांत मुलं बाकांवर आणि फळा कोरा अशी वेळ आली.

शिक्षकाने त्यागावर जगावं, ही आपली फार जुनी समजूत. 1884 साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली तेव्हा आजीव सदस्यांनी थोड्या पगारावर आयुष्य द्यायचं असं ठरलं. टिळकांनी 1890 मध्ये सोसायटी सोडली त्यामागे मोठं कारण हेच होतं: आजीव सदस्याने बाहेरची कमाई करावी की नाही, पगार वाढवून मागावा की नाही. टिळक त्यागाच्या बाजूने कडक होते, बाकीचे म्हणत होते की घर चालवायचं कसं. दोन्ही बाजूंना मोठी माणसं होती. पण ती माणसं शाळेची मालकही स्वतःच होती, हे आपण विसरतो. स्वतः उभारलेल्या संस्थेसाठी उपाशी राहणं वेगळं, आणि पोर्टलने पाठवलेल्या शाळेत तीन वर्षं अर्धपोटी राहणं वेगळं. पूर्वी निदान म्हातारपणाची काळजी नव्हती. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर नेमलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च 2023 च्या संपात शिक्षक इतक्या मोठ्या संख्येने का उतरले, ते इथे कळतं.

अमेरिकेत रिचर्ड इंगरसोल नावाच्या अभ्यासकाने 2001 मध्ये शिक्षकांच्या तुटवड्याची आकडेवारी नव्याने तपासली. तोवर सगळे म्हणत, शिक्षक तयार होत नाहीत, निवृत्त फार होतात. इंगरसोलने दाखवलं की मोठी गळती निवृत्तीच्या खूप आधीची आहे. माणसं येतात आणि कमी पगार, वरिष्ठांची साथ नसणं, वर्गाच्या अडचणी, निर्णयांत काही म्हणणं नसणं, या कारणांनी निघून जातात. बादली गळकी असेल तर नळ मोठा करून काय होणार? युनेस्कोच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2030 पर्यंत जगाला 4 कोटी 40 लाख शिक्षक हवे आहेत, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त जे सोडून जातात त्यांच्या जागी. म्हणजे परळची गोष्ट एकट्या परळची नाही. फक्त इथे नळही बारीक आहे आणि बादलीही गळते आहे.

सोडून जाणारे जातात कुठे? लांब जावं लागत नाही. दादर स्टेशनच्या दोन्ही बाजूंना क्लासेसच्या पाट्या आहेत, आणि जिथे गिरण्यांची धुराडी होती तिथल्या मनोऱ्यांच्या सावलीत आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळा आहेत. गणित, विज्ञान, इंग्रजी येणाऱ्या माणसाला तिथे मुलाखतीनंतर आठवड्याभरात उत्तर मिळतं आणि पहिल्या महिन्यात पगार. त्या शाळांवर माझा राग नाही. मला दुःख एवढंच की माणूस निवडायला त्यांना आठवडा लागतो आणि आपल्याला दोन वर्षं.

राहतात त्यांच्या डोक्यावर आता आणखी एक टांगती तलवार आली आहे. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातल्याच एका विश्वस्त संस्थेच्या खटल्यात, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या कार्यरत शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा सक्तीची केली. ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक आहे त्यांनी दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं. महाराष्ट्रात ही परीक्षा पहिल्यांदा डिसेंबर 2013 मध्ये झाली, त्याआधी रीतसर नेमलेले हजारो शिक्षक आहेत. शिक्षक पात्र असावा याला कुणाचीच ना नाही. पण चाळिशीच्या बाई दिवसभर दोन इयत्ता एकत्र शिकवतात, सुट्टीत मतदारयाद्या करतात, आणि रात्री लोकलमध्ये मानसशास्त्राचे बहुपर्यायी प्रश्न पाठ करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ज्या वर्षी त्यांना शाळेत टिकवून धरायला हवं त्याच वर्षी आपण त्यांना दाराकडे बघायला लावतो आहोत.

उपाय नाहीतच असं नाही, आणि त्यांतले काही फार महागही नाहीत. पालिकेच्या आणि संस्थांच्या रिकाम्या वर्गखोल्या या भागात कितीतरी आहेत, त्यांतल्या काहींत शिक्षकांची राहायची सोय करता येईल. पोलीस, डॉक्टर, रेल्वे कर्मचारी यांना कामाच्या जवळ घर लागतं हे सरकारने केव्हाच मान्य केलं, शिक्षकालाही लागतं हे मान्य करायला काय हरकत आहे? मानधन मुंबईत तरी मुंबईच्या भाड्याशी जोडावं. हजर झाल्यापासून तीस दिवसांत मान्यता दिली नाही तर ती मिळाली असं समजावं. जवळजवळच्या तीन शाळांनी मिळून गणिताचा एक शिक्षक ठेवावा आणि त्याचा पगार अनुदानातून निघावा. गिरगाव ते प्रभादेवी या पट्ट्यात शाळा एकमेकींपासून इतक्या जवळ आहेत की हे इथे जमणार नाही तर कुठेच जमणार नाही. सध्या काही शाळांत माजी विद्यार्थी वर्गणी काढून एखाद्या शिक्षकाचा पगार देतात. आम्हीही दोन वर्षं दिला. त्या पैशांतून एक मुलगी विज्ञान शिकवायला आली, छान शिकवायची, मुलं तिच्या मागे मागे प्रयोगशाळेत जायची. तिसऱ्या वर्षी तिला ऐरोलीत कायमची नोकरी मिळाली. आम्ही तिला पेढे दिले.

एप्रिल-मेमध्ये या भागातले शिक्षक उन्हात फिरतात. बीडीडी चाळींत, गल्ल्यांत, पुनर्विकासाच्या पत्र्यांच्या आड राहिलेल्या घरांत, 'तुमच्या मुलाला आमच्याकडे घाला' म्हणून सांगत. पूर्वी आईवडील शाळेच्या दारात रांग लावत. मी परळच्या शाळेत गेलो त्या दिवशी सुट्टी झाल्यावर मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत बसलो होतो. सप्टेंबर संपायला चार दिवस होते, आणि प्राथमिकचा पट बरोबर साठ होता. दारात एक बाई मुलाचा हात धरून आली. नवरा जवळच्या इमारतीत लिफ्टमन म्हणून नव्याने लागला होता, कुटुंब नुकतंच खेडहून आलं होतं. मुलाचा आधीच्या शाळेचा दाखला होता, आधारवर मात्र जन्मतारीख चुकलेली. मुख्याध्यापिका बाईंनी क्लार्कला बोलावलं, दुरुस्तीचं केंद्र किती वाजता बंद होतं ते विचारलं, आणि स्वतःच पर्स उचलून त्या आईबरोबर जिना उतरायला लागल्या. मुलाला त्यांनी तिसरीच्या वर्गात बसवून ठेवलं होतं. मी वाकून पाहिलं, तो पहिल्या बाकावर बसून समोरच्या फळ्यावर दोन इयत्तांचं लिहिलेलं सगळंच वहीत उतरवून घेत होता.